चोरचोळी

१८ डिसेंबर १९४३, शनिवार. सातारा

नाताळात आम्ही सांगलीला जाणार, हे आज नक्की झालं. रजेवर साहेबानं सही केली, असं ह्यांनी कचेरीतून आल्यावर जोडे काढता काढताच सांगितलं. मला खरं वाटेना. शेजारच्या पट्टेवाल्याच्या बायकोला विचारलं, तर तीही म्हणाली, "सही झाली, शिक्काबी बसला."

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला माहेरी कधी नेलं नाही. बनूच्या वेळी बाळंतपणाला आईच इकडे येऊन राहिली होती. त्यात गेल्या वर्षी श्रावणात दादा मोर्च्यात पुढं झाला, त्याच्या नावानं वॉरंट निघालं, आणि तेव्हापासून तो बेपत्ता आहे. मेव्हणा फरारी म्हणून ह्यांची बढती अडली. साहेब येता-जाता विचारतो, "मेव्हणे काय म्हणतात?" आणि बाकीचे कारकून हसतात. घरात दादाचं नाव निघालं की हे ताटावरून उठायचे. आणि आज तेच म्हणाले, "झालं गेलं. आईला भेटून वर्षं झाली तुला. जाऊन येऊ."

मी चुलीपुढं जाऊन डोळे पुसले. माणूस वरून कडक दिसतो, पण आत काय असतं ते बायकोलाही उशिरा कळतं.

२२ डिसेंबर, बुधवार. माधवनगर

मिरजेला गाडी चार तास उशिरा. तिथून टांगा केला.

सांगलीचं हे अंग मी कधी पाहिलं नव्हतं. आमचं गाव विट्याच्या पलीकडं. दादा गेल्यावर पोलीस आठवड्याला घराची झडती घ्यायला लागले, कणगीतलं धान्य अंगणात ओतायला लागले, तेव्हा आई आणि हरणावहिनी गाव सोडून इथं संस्थानच्या हद्दीत आल्या. वहिनी गिरणीत कांड्या भरायला जाते. दोन खोल्या, पुढं ओटा, समोर सामाईक अंगण. दिवसभर गिरणीचा घरघराट. मला बोलताना आवाज चढवावा लागतो, या दोघींना त्याचं काहीच वाटत नाही.

आईनं मला पोटाशी धरलं. "आलीस व्हय चंद्रे? वाट इसरली असशील म्हणून बसले हुते." मग ह्यांच्याकडं बघून पदर सारखा केला. "या जावई. बसा."  ह्यांनी पाया पडून साताऱ्याचे कंदी पेढे पुढं केले. तिनं ते घेऊन फळीवर ठेवले. बनूनं मागेपर्यंत पुडा उघडला नाही.

समोर याकूब टांगेवाला राहतो. आमची ट्रंक त्यानंच उतरवून घेतली. ह्यांनी त्याच्याशी लगेच ओळख काढली. कुठं कुठं भाडं मारतोस, तासगाव-विट्याकडं जातोस का, रात्रीचा जातोस का.

याकूब हसला. "घोडं माजं, रस्ता संस्थानचा, टाइम गिऱ्हाइकाचा. मला कोण इचारतंय साहेब?"

हे एरवी टांगेवाल्याशी भाड्यापलीकडं बोलत नाहीत. सुट्टीनं माणूस मोकळा होतो, तो असा.

२४ डिसेंबर, शुक्रवार

मला एक गोष्ट कळली आहे.

सकाळी न्हाणीच्या मागं वहिनी ओकत होती. मी पाणी दिलं. काल ती चुलीच्या वैलाची भाजकी माती नखानं खरवडून तोंडात टाकताना दिसली होती, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. आज तिच्या गालांकडं पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, किती झाले?"

"कशाचं?"

"मला फसवू नका. मीही एक बाळंतपण काढलंय."

ती भिंतीला टेकली. लग्नाला सात वर्षं होऊन गेली, देव-देवरशी झाले, आणि आता. ती एवढंच म्हणाली, "तिसरा सरत आला. वन्सं, तुमच्या पाया पडते. कुटं बोलू नगा."

म्हणजे दादा जिवंत आहे! सव्वा वर्षात एक निरोप नाही, एक खूण नाही. मध्ये कुणी सांगितलं होतं की वारणेच्या पुरात वाहून गेला, कुणी सांगितलं की कर्नाटकात गोळी लागली. मी शाळेत मुलींना पाढे म्हणायला लावायची आणि फळ्याकडं तोंड करून रडायची. तो जिवंत आहे, आणि इथं येऊन गेलाय.

आईला विचारलं तर तिनं भाकरी थापणं थांबवलं नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतं की."

"दिसलं आसंल तर डोळं झाक." आणि थोड्या वेळानं, "जावयाला न्हाई ना बोललीस?"

"नाही."

"नगं बोलू."

मला राग आला. एवढ्या लांबून ज्यानं आणलं, तो परका, आणि समोरच्या याकूबची बायको मेहरुनबी मात्र सगळं जाणून! ती दुपारी वहिनीसाठी आंबट चिंच घेऊन आली होती.

२५ डिसेंबर, शनिवार. नाताळ

आज हे आम्हाला सांगली दाखवायला घेऊन गेले. असा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता. कृष्णेवरच्या मोठ्या पुलावरून चालत गेलो, बनूला ह्यांनी खांद्यावर घेतलं. खाली पाण्यात म्हशी, पलीकडं उसाची रानं, गुऱ्हाळांचा धूर. पेठेत हळदीच्या पोत्यांनी हवाच पिवळी. बनूला भडंग घेऊन दिलं.

मनात एकच चाललं होतं. सोमवारी अमावास्या, मंगळवारी पौष लागतो. पौषात शुभाचं काही करत नाहीत. वहिनीला चोरचोळी द्यायची तर आज-उद्याच. आमच्यात तिसरा महिना सरताना माहेरची नाहीतर सासरची एखादी बाई पोटुशीला गुपचूप हिरवी चोळी देते. हळदीकुंकू, खण, नारळ, आणि बाहेर कुणाला पत्ता नाही. वहिनीला माहेर उरलेलं नाही. मग नणंदेशिवाय कोण देणार?

पेठेत मी हिरव्या खणापुढं थांबले. युद्धामुळं कापड मिळत नाही, तरी दुकानदारानं आतून काढून दिला. गर्द हिरवा, लाल काठाचा.

"कुणाला?" ह्यांनी विचारलं.

"आईला."

"विधवा बाईला हिरवा खण?" ते हसले. रागावून नाही, अगदी मऊ हसले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत हसले होते तसे. मला राहवलं नाही. ज्या माणसानं एवढा दिवस दिला त्याच्यापासून दादाच्या घरची पहिली शुभवार्ता लपवायची? मी सांगून टाकलं.

ते एकदम थांबले. "नक्की?"

"नक्की म्हणजे? तिनंच सांगितलं."

"कितवा?"

"तिसरा सरतोय."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे नवरात्रात."

मी म्हटलं, "अहो, हे पुरुषांनी मोजायचं नसतं."

"आनंदाची गोष्ट आहे," ते म्हणाले. "बनूचा मामा बाप होणार. आता कुणाकडं बोलू नकोस."

गणपतीच्या देवळात आम्हा दोघींना बसवून ते कचेरीतल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाला भेटून आले. बराच वेळ लागला. आले ते खुशीत. येताना बनूला लाकडी बाहुली आणली.

आईला वाटतं तसे ते नाहीत. उद्या सकाळी चोळी देते.

२६ डिसेंबर, रविवार

लिहिलं पाहिजे. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी वहिनीला पाटावर बसवलं. कुंकू लावलं. खण हातात घेतला एवढ्यात अंगणात बूट वाजले. संस्थानचा फौजदार, दोन शिपाई, आणि साध्या कपड्यातले दोघे. हे बाहेर बाजेवर तंबाखू मळत बसले होते. फौजदार त्यांच्या अंगावरून ओट्यापाशी आला. त्यांना नाव-गावसुद्धा विचारलं नाही.

"हरणाबाई कोण? बाहेर ये. आकाराम कवा येऊन गेला?"

वहिनी ओट्यावर आली, तिच्या मागं मी, खण हातातच. "वरीस झालं. तोंड दिसलं न्हाई."

"दिसलं न्हाई? मग ही चोरचोळी कुणाच्या नावानं चाललीय?" त्यानं माझ्या हाताकडं बोट केलं. "हिरवा खण, काल घेतलेला. बोल."

अंगणात शेजारपाजार जमला होता. याकूब घोड्यापुढं गवत टाकत होता, तो तसाच उभा राहिला. मेहरुनबी दारात.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काय होतं ते मला सांगता येत नाही. मग ती फौजदाराकडं वळली.

"ही त्येंच्या नावाची न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे पोटातलं त्येंचं न्हाई."

फौजदार एक पायरी वर चढला.

"मग कुणाचं?"

"ते सांगायला मी बांधील न्हाई. पापाला काय वारंट लागतंय व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. फौजदार खवळला. "नवऱ्याला वाचवाय नाटक करतीस? ह्या टांगेवाल्याचा टांगा रोज दारात असतोय म्हणं. त्याचं हाय का?"

वहिनीनं नजर जमिनीला लावली. सगळे याकूबकडं बघायला लागले. त्यानं 'नाही' म्हणायचं होतं. एवढा धिप्पाड बाप्या, त्यानं मान खाली घातली आणि गवताची पेंढी सोडत राहिला. मेहरुनबीनं पदर ओढला आणि आत गेली.

मग आई उठली. माझ्या हातातला खण तिनं हिसकून घेतला आणि चुलीत टाकला. "माज्या लेकाच्या नावाची चोळी हिच्या अंगाला न्हाई लागायची!" आणि वहिनीच्या तोंडात अशी मारली की ओट्याखाली पडली ती.

याकूबला टांग्यासकट चावडीवर नेलं. दुपारी सोडलं. टांगा स्वतः हाकता येत नव्हता, घोड्याचा लगाम धरून चालत आला.

२७ डिसेंबर, सोमवार

अमावास्या. सगळ्यांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत जेवण उरकलं.

२८ डिसेंबर, मंगळवार

वहिनीचं गिरणीतलं नाव कमी केलं. मुकादमीण म्हणाली, "बाकीच्या बाया हिच्याशेजारी बसंनात." नळावर गेली तर घागरी मागं सरल्या. अड्ड्यावरच्या टांगेवाल्यांनी याकूबला नंबर देणं बंद केलंय. त्याला कुणी मारलं नाही हेच नशीब.

आणि सगळ्यात घाण वाटलं ते हे: मेहरुनबी आज आली, वहिनीची घागर स्वतःच्या कडेवर घेतली आणि तिला हाताला धरून नळावर घेऊन गेली. बायका बघत राहिल्या. जिच्या नवऱ्याबरोबर हिनं शेण खाल्लं, ती हिला हाताला धरते! मी मेहरुनबीला विचारलंसुद्धा, "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

ती म्हणाली, "वाटतं की. लय वाटतं. पण तुमच्याफुडं काय बोलू बाई?"

इथल्या माणसांचं मला काही समजत नाही.

आईचंही तसंच. जिच्या तोंडात मारली, तिच्याच डोक्याला आज तेल घालत बसली होती. मला बघून हात काढून घेतला आणि म्हणाली, "उवा झाल्यात."

एक प्रश्न डोक्यातून जात नाही. फौजदाराला हिरव्या खणाचं कसं कळलं? 'काल घेतलेला' हेसुद्धा. मी ह्यांच्याखेरीज कुणाला बोलले नाही. खूप विचार केला. त्या दुकानदारानंच सांगितलं असणार. कापड आतून काढून देताना माझ्याकडं टक लावून बघत होता.

२९ डिसेंबर, बुधवार

हे कालपासून धुमसतायत. मला वाटलं, घराण्याची अब्रू गेली म्हणून. पण मी वहिनीला बोल लावायला लागले तर मलाच म्हणाले, "खोटं बोलतेय ती. हरणा तसली बाई नव्हे. मूल आकारामचंच आहे."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. सख्खी सासू जिला घरात ठेवायला लाजते, स्वतः जी चारचौघांत कबूल झाली, तिच्या शीलावर हा माणूस विश्वास ठेवतो! माझ्याच मनात एवढा चांगुलपणा नाही.

माझ्या मनात दुसरंच आहे. मूल दादाचं नाही, म्हणजे दादा आलाच नव्हता. म्हणजे दोन दिवस मी ज्या दिव्यावर जगले, तो दिवाच नव्हता. वारणेच्या पुराची बातमीच खरी असेल. वहिनीचं पाप मी एखादे वेळी विसरेन. पण तिनं मला दादा दिला आणि पुन्हा काढून घेतला, ते विसरणं नाही.

आईला परसात गाठलं. पायावर डोकं ठेवलं. "मला बाकी काही सांगू नकोस. दादा जिवंत आहे का एवढंच सांग."

ती वाकली, माझ्या केसांवरून हात फिरवला. तोंड उघडलं होतं तिनं. मग तिची नजर माझ्या मागं गेली. हे हात धुवायला परसात आले होते.

"मला काय ठावं?" ती म्हणाली आणि गोवऱ्या उचलून आत गेली.

३० डिसेंबर, गुरुवार. गाडीत

आईनं निघताना पिठलं-भाकरी बांधून दिली. बनूचा मुका घेतला. मला म्हणाली, "चंद्रे, आता बोलावल्याबिगर यिऊ नगंस."

"आई, मी काय केलं?"

"काय बी न्हाई. तू साळंत पोरींला वाचाय शिकवतीस न्हवं? तसं जरा घरात बी वाचत जा."

पोथी वाच म्हणत असावी. दुःखात माणसाला देव आठवतो.

याकूबनं आमची ट्रंक उचलली नाही. दुसरा टांगा बोलवावा लागला. वहिनी ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. मी तिच्याशी बोलले नाही. टांगा वळताना वाऱ्यानं तिचा पदर उडाला, आणि मला दिसली: कोरी हिरवी चोळी. माझा खण तर डोळ्यांदेखत जळाला. ही दुसरीच, जुन्या रेशमाची, आईच्या ट्रंकेत लग्नापासूनचा एक हिरवा खण होता तसल्या विणीची. शिवणही आईसारखीच बारीक.

म्हणजे ट्रंकेतून उचलला असेल. एवढं झाल्यावरही हिरवी चोळी अंगात घालायला लाज वाटली नाही. आणि आई मागंच उभी होती, तिच्या पाठीवर हात ठेवून. म्हातारपणी नजर अधू झाली आहे तिची, चोळी दिसली नसेल.

ह्यांनाही मी ते सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "आईच्या ट्रंकेतला? नक्की?" आणि मग तंबाखू मळायला घेतली. कपाळावरची आठी गेली होती.

२ जानेवारी १९४४, रविवार. सातारा

शाळा उद्यापासून. घर झाडलं, तांदूळ निवडले.

हे आज सुट्टी असून कचेरीत जाऊन आले. साहेब त्यांच्यावर नाराज होता, आता तितका नाही म्हणे. जेवताना अचानक म्हणाले, "आषाढात होईल नाही ग हरणा बाळंत?"

"मला त्या घरचं काही विचारू नका."

"असं बोलू नये. पोर निष्पाप असतं. बारशाला आपण जायचं. जगानं टाकलं म्हणून आपण टाकायचं?" मग भाताचं आळं करत म्हणाले, "सात वर्षांनी पहिलं मूल. बाप कुठंही असला तरी पाळण्यापाशी आल्याशिवाय राहायचा नाही."

"दादा असता तर ना," मी म्हटलं आणि मला रडू आलं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आहे ग. तू पत्र लिही आईला. गोडीनं लिही. मी रागावले होते, चुकलं म्हणून लिही. बाळंतपणाला मीच येते म्हण. दिवस भरत आले की कळवा म्हण. तारीख तेवढी आधी कळली पाहिजे, मला रजा टाकायला लागेल."

आईनं बोलावल्याशिवाय येऊ नको म्हटलंय, आणि मलाही त्या ओट्यावर पाय ठेवायची इच्छा नाही. पण ह्यांच्यापुढं माझी मलाच लाज वाटली. दादा आहे, असं आज अख्ख्या जगात हा एकच माणूस म्हणतो.

कार्ड आणून ठेवलंय. उद्या शाळेतून आले की लिहिणार. आई लेकीच्या पत्राला उत्तर देईलच. समोरच्या मेहरुनबीकडून लिहून घेईल, पण देईल. आषाढाला अजून सहा महिने आहेत आणि ह्यांनी भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरचं ते पान आजच उलटून पाहिलं.